वर्षाला सोळा घड्याळं करणारा माणूस आणि आपलं रेटकार्ड



रविवारच्या व्हिडिओत ‘हाताच्या कामाचा भाव कसा ठरवायचा’ हा विषय घेताना मी फिलिप द्युफूर या स्विस घड्याळकाराचं नाव घेतलं आणि घाईघाईत पुढं गेलो. अठरा मिनिटांत ती गोष्ट मावणारी नाही. म्हणून आज सविस्तर लिहून देतोय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये मध्ये आकडे आहेत.

आधी मी या माणसाच्या मागं का लागलो ते सांगतो. नवीन मंडळींना माहीत नसेल, आमचं सांगलीत घड्याळ आणि चष्म्याचं दुकान आहे. रस्त्याकडच्या काचेला लागून अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुरुस्तीचं टेबल. चार फूट बाय अडीच फूट. डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं ते तिथं बसतात. चावीची घड्याळं, ऑटोमॅटिक, जुनी एचएमटी, सासऱ्यांनी लग्नात दिलेली, कपाटात सापडलेली, सगळी त्यांच्याकडे येतात.

दिवाळीनंतर गॉगलच्या एका डिस्ट्रिब्युटरनं मला ऑफर दिली. काचेलगतची तेवढी जागा द्या, लाइटवाला स्टँड आमचा, माल क्रेडिटवर, महिन्याला पंधरा हजार मार्जिन कुठं जात नाही. मी पडलो बीबीएवाला. त्याच रात्री अण्णांच्या टेबलाचा हिशेब काढला. महिन्याला साधारण चोवीस सर्व्हिसिंग, एकाचे साडेतीनशे रुपये, त्यातले पन्नास तेल, गॅस्केट, बारीकसारीक सुट्या भागांचे. हातात तीनशे. चोवीस गुणिले तीनशे, सात हजार दोनशे. एका सर्व्हिसिंगला अण्णांचे तीन तास जातात, म्हणजे तासाला शंभर रुपये. कागदावर निकाल लागला होता. अण्णांना सांगायचं कसं, एवढंच बाकी होतं.

ते सांगायची हिंमत होईना म्हणून मी रात्री घड्याळांच्या धंद्यावर वाचत बसायचो. त्यात द्युफूर सापडले.

बंद पडत चाललेल्या धंद्यात दुकान टाकलेला माणूस

स्वित्झर्लंडच्या पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ, ज्युरा डोंगरात वाले द झू नावाची दरी आहे. उंची हजार मीटरच्या आसपास. हिवाळ्यात बर्फ पडलं की शेती बंद, त्यामुळं तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खिडकीशी बसून घड्याळाचे सुटे भाग करायचे. जगातल्या बड्या बड्या घड्याळ कंपन्यांचे कारखाने आजही त्याच दरीत आहेत. द्युफूर तिथलेच, जन्म १९४८ चा. तिथल्याच तांत्रिक शाळेत शिकले, १९६७ मध्ये बाहेर पडले, नोकऱ्या केल्या, काही वर्षं देशाबाहेर काढली, आणि १९७८ मध्ये स्वतःचं काम सुरू केलं.

हे १९७८ साल जरा नीट बघा. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेइकोनं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. सेलवर चालणारं, चावी नको, आणि वेळ चावीच्या घड्याळापेक्षा कितीतरी अचूक. त्यानंतर स्विस धंद्याची जी वाताहत झाली ती आपल्याकडच्या गिरण्यांच्या आठवणीसारखीच आहे. १९७० च्या सुमाराला तिथं या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत ती तीस-पस्तीस हजारांवर आली. जुनी मशीनं भंगारात गेली. त्या काळात या माणसानं हातानं घड्याळं करायचा धंदा निवडला. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर घरच्यांनी कोपऱ्यात घेऊन समजावलं असतं.

मग सुरुवातीला पोट कशावर चाललं? दुरुस्तीवर. संग्राहक आणि लिलाववाल्यांकडची शंभर-दीडशे वर्षं जुनी, किचकट खिशातली घड्याळं ते पुन्हा चालती करून द्यायचे. माझ्या मते हेच त्यांचं खरं कॉलेज. जुन्या कारागिरानं एखादी कड कशी घासली, कुठला भाग कुणी न बघताही चमकवून ठेवला, हे पुस्तकात नसतं. घड्याळ उघडलं की दिसतं. (हे वाचताना मी एकदा अण्णांच्या टेबलाकडं बघितलं, खोटं कशाला बोलू.)

पुढं १९८० च्या दशकात त्यांनी ओडेमार पिगे या मोठ्या कंपनीसाठी पाच खिशातली घड्याळं केली, ‘ग्रांद सोनरी’ प्रकारातली. ग्रांद सोनरी म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. जुन्या वाड्यात टोल्याचं घड्याळ असायचं ना, तसं हे स्वतःहून टोले देतं. दर पंधरा मिनिटांनी आधी तास वाजवतं, मग पाव तास वाजवतं, आणि बटण दाबलं तर मिनिटांसकट वेळ वाजवून सांगतं. हे सगळं खिशात मावेल एवढ्या डबीत. एकेका घड्याळाला शेकडो तास. तबकडीवर नाव मात्र कंपनीचं.

आपल्यापैकी जे दुसऱ्याच्या लेबलखाली माल करून देतात, मसाले असोत, शिलाई असो, त्यांना हे ठिकाण ओळखीचं आहे. पैसे वेळेवर येतात, पण दहा वर्षांनी बाजारात तुम्हाला कुणी ओळखत नाही. द्युफूर यांनी तेच यंत्र आणखी लहान करून मनगटावर आणलं आणि १९९२ मध्ये बाझलच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावानं मांडलं. अशा प्रकारचं ते पहिलं मनगटी घड्याळ. कंपनी नाही, जाहिरात नाही, एक माणूस. अशा एकट्या घड्याळकारांची एक संघटनाही १९८५ मध्ये उभी राहिली होती, तिच्या आधारानं ही मंडळी मोठ्या प्रदर्शनात एकत्र जागा घेतात. व्यापारी पेठेत चार छोट्या दुकानदारांनी मिळून प्रदर्शनाचा एक स्टॉल घ्यावा, तसंच.

पंचवीस ठरवली, नऊ झाली

१९९६ मध्ये त्यांनी ‘ड्युआलिटी’ आणलं. घड्याळात एक गोल चक्र मागं-पुढं हलत असतं, त्यावर वेळ चालते. आम्ही त्याला बॅलन्स म्हणतो. ड्युआलिटीत असे दोन बॅलन्स आहेत आणि दोघांमधल्या चुकीची सरासरी निघून काटे चालतात. गल्ला दोन माणसांनी वेगवेगळा मोजायचा आणि दोघांच्या बेरजेची सरासरी धरायची, तशी ही कल्पना. तांत्रिकदृष्ट्या जबरदस्त काम.

अशी पंचवीस करायची ठरली होती. झाली नऊ.

याचं एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण दुकानदार म्हणून मला त्यातली एक अडचण लगेच दिसते. तबकडीकडून बघितलं तर ते साधंच घड्याळ दिसतं. त्यात काय विशेष आहे हे समजायला गिऱ्हाइकाला आधी अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागतं. आणि हे १९९६ साल, त्यावेळी हातानं केलेल्या घड्याळाचा आजच्यासारखा बाजारही नव्हता. मी स्वतः २०१९ मध्ये ‘सायलेंट स्वीप’ची महागडी भिंतीवरची घड्याळं आणली होती. काटा टिकटिक न करता सरकतो, झोपेच्या खोलीसाठी उत्तम. दुकानात रस्त्याचा एवढा आवाज की टिकटिक आहे का नाही कुणालाच कळायचं नाही. ती विकायला मला दोन वर्षं लागली.

सिम्प्लिसिटी

२००० मध्ये त्यांनी जे घड्याळ आणलं त्याचं नावच ‘सिम्प्लिसिटी’. साधेपणा. तास, मिनिट, आणि खाली छोट्या वर्तुळात सेकंद. तारीख नाही, टोले नाहीत, काही नाही. रोज हातानं चावी द्यायची. आकार ३४ किंवा ३७ मिलिमीटर, म्हणजे आजच्या पोरांच्या मनगटावर लहानच दिसेल. जगातलं सगळ्यात अवघड यंत्र मनगटावर बसवलेल्या माणसानं आठ वर्षांनी सगळ्यात साधं घड्याळ काढलं.

मग पैसे कशाचे? उलटं करा आणि मागच्या काचेतून आत बघा.

आतल्या प्रत्येक पट्टीच्या कडा पंचेचाळीस अंशात घासून आरशासारख्या केलेल्या असतात. कड वळून आत जाते तिथं जो टोकदार कोपरा तयार होतो, तो तर हाताशिवाय होतच नाही. फिरणारं मशीन कोपऱ्यात गेलं की गोलाई सोडतं, कारण फिरणारं हत्यारच गोल. त्यामुळं जाणकार माणूस भिंग लावून सगळ्यात आधी आतला कोपरा बघतो. कोपरा टोकदार असला तर तिथं कुणाचा तरी हात तासन्‌तास चाललेला आहे. शेवटची चकाकी आणायला द्युफूर जेन्शन नावाच्या पिवळ्या फुलाच्या डोंगरी झाडाची वाळलेली काडी वापरतात. काडीचा गाभा मऊ असतो, त्यावर पॉलिशची पेस्ट लावायची आणि घासत बसायचं. ती काडी त्यांच्याच डोंगरात उगवते. स्टीलचे काही भाग असे सपाट घासलेले की एका कोनातून पांढरे आणि जरा हलवलं की काळेभोर दिसतात.

या सगळ्यानं घड्याळ जास्त अचूक चालतं का? जवळजवळ नाहीच. तुमच्या खिशातला मोबाईल त्याहून बरोबर वेळ सांगतो, आणि माझ्या दुकानातलं चारशे रुपयांचं क्वार्ट्झसुद्धा. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण आपण दुकानदार मंडळी ‘जास्त उपयोग म्हणजे जास्त भाव’ एवढं एकच गणित धरून बसतो. पैठणीच्या पदराची मागची बाजू बघणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. अंगाची ऊब दोन्ही साड्यांना सारखीच.

आता कॅल्क्युलेटर काढा

सुरुवातीला शंभरच सिम्प्लिसिटी करायच्या होत्या. मागणी एवढी आली की आकडा दोनशेच्या जरा वर गेला. त्याला साधारण बारा-तेरा वर्षं लागली. म्हणजे वर्षाला सोळा. हाताखाली मोजके मदतनीस.

किंमत सुरुवातीला तीस-पस्तीस हजार स्विस फ्रँकच्या घरात, नंतर वाढत पन्नास हजारांच्या जवळ. २००० सालच्या दरानं सुरुवातीची किंमत आपले आठ-नऊ लाख रुपये. सरासरी चाळीस हजार फ्रँक धरा. सोळा गुणिले चाळीस हजार, सहा लाख चाळीस हजार फ्रँक. ही वर्षाची विक्री, नफा नव्हे. यातून सोनं किंवा प्लॅटिनमची केस, पट्टा, मदतनिसांचे पगार, वर्कशॉप, टॅक्स, आणि राहायला स्वित्झर्लंडसारखा महाग देश. माणूस सुखात राहील, पण लोक समजतात तसा गडगंज होणार नाही.

आता दुसरा आकडा. सिम्प्लिसिटीला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी वीस घड्याळांची एक आवृत्ती करायची ठरवली. त्यातलं पहिलं, शून्य क्रमांकाचं, नोव्हेंबर २०२० मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १३ लाख ६१ हजार फ्रँकला गेलं. तेव्हाच्या दरानं अकरा कोटींच्या आसपास. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, त्यांच्या ग्रांद सोनरी मनगटी घड्याळांपैकी एक ७६ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. छप्पन कोटी धरा.

बहुतेक लोक इथंच ‘वा!’ म्हणून थांबतात. आपण थांबायचं नाही. हे पैसे कुणाला मिळाले?

ज्यानं २००३ मध्ये पस्तीस-चाळीस हजार फ्रँकला घड्याळ घेतलं आणि नंतर कित्येक पटीनं विकलं, फायदा त्याचा. करणाऱ्याला त्यातला एक फ्रँकही मिळत नाही. जमीन विकून टाकलेल्या शेतकऱ्याच्या बांधावरून पुढं हायवे गेला, तशी ही गोष्ट. वर्धापनाचं ते शून्य क्रमांकाचं घड्याळ मात्र द्युफूर यांनी स्वतः लिलावात दिलं होतं. माझ्या दृष्टीनं त्यांच्या सगळ्या व्यवहारातली ही सगळ्यात धंदेवाईक चाल, आणि ती खेळायला ते बहात्तर वर्षांचे व्हावे लागले. आपल्या कामाचा बाजारभाव काय झालाय हे त्यांनी त्या एका दिवशी सगळ्यांसमोर तपासून घेतलं.

मग त्यांनी भाव आधीच वाढवायला हवा होता का? मला वाटतं, थोडा हो. वेटिंग लिस्ट वर्षांवर जाते तेव्हा तुमचा भाव कमी आहे, एवढं तर माझं बीबीए मला सांगतं. पण दुसरी बाजूही मांडतो. पहिल्या शंभर माणसांना परवडेल असा भाव होता म्हणून ती घड्याळं खऱ्या शौकिनांच्या हातात गेली, आणि त्याच लोकांनी पुढं वीस वर्षं फुकटात तोंडी जाहिरात केली. त्यातही निम्म्याहून जास्त घड्याळं एकट्या जपानात गेली. तिथल्या टीव्हीवर या एकट्या घड्याळकारांवर माहितीपट दाखवला गेला होता, आणि हाताच्या कामाची कदर असलेलं गिऱ्हाईक तिथं आधीपासून होतं. ज्या जपानी क्वार्ट्झनं दरीतले कारखाने बंद पाडले, त्याच जपाननं या माणसाचा धंदा चालवला. शेजारच्या गल्लीतलं गिऱ्हाईक भाव करतं आणि चारशे मैलांवरचं न विचारता पैसे पाठवतं, हे आपल्यातल्या काही जणांनी अनुभवलं असेलच.

स्पर्धकाला शिकवायचं का?

इथं मला स्वतःला अडायला झालं. सेइकोच्या शिओजिरी इथल्या एका छोट्या खास विभागात निवडक कारागीर हातानं घड्याळं करतात. पॉलिशचं काम कसं करायचं हे त्यांना द्युफूर यांनी दाखवलं. त्यातून त्यांचं ‘एइची’ नावाचं घड्याळ निघालं, २००८ मध्ये. पुढं फोर्सी आणि ग्रूबेल या दोन घड्याळकारांबरोबर त्यांनी मिशेल बुलांजे या पॅरिसच्या घड्याळ-शिक्षकाला जुन्या हत्यारांनी पूर्ण घड्याळ हातानं करायला शिकवलं. ते घड्याळ २०१६ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात साडेचौदा लाख डॉलरच्या आसपास गेलं. शिवाय जर्मनीच्या लांगे कंपनीचं ‘डाटोग्राफ’ हे घड्याळ ते स्वतः वापरतात आणि उघडपणे त्याची तारीफ करतात.

आमच्या पेठेत शेजारच्या दुकानदाराला कोणता होलसेलर माल देतो हेसुद्धा कुणी सांगत नाही. मीही सांगत नाही. आणि डोळे झाकून सांगा असा सल्लाही देणार नाही. होलसेलरचं नाव कळलं की उद्या सकाळी शेजारी तोच माल लावू शकतो. जेन्शनची काडी कळली तरी तीस वर्षांचा हात कळत नाही. तुमच्याकडचं गुपित यातल्या कुठल्या प्रकारातलं आहे ते आधी बघा.

अ‍ॅडव्हान्सबद्दल

बॅचमध्ये एक ताई आहेत, आरी वर्कचे ब्लाऊज करतात. काम इतकं सुरेख की लग्नाच्या सीझनला रात्री दोनपर्यंत जागतात, आणि तरी कापडाचे पैसे उधारीवर. त्यांनी विचारलं होतं, “सर, जास्त ऑर्डरी कशा घेऊ?” मी म्हटलं, “ताई, आहेत त्या ऑर्डरींचे आधी किती घेता?” म्हणाल्या, “ओळखीच्या लोकांकडून कसे मागायचे?”

त्यांच्यासाठी घड्याळांच्याच दुनियेतलं एक उदाहरण, द्युफूर यांचं नाही, दुसऱ्यांचं. पॅरिसमध्ये सव्वादोनशे वर्षांपूर्वी ब्रेगे नावाचा घड्याळकार होता, राजेरजवाड्यांचा. फ्रान्सच्या क्रांतीत त्याचा धंदा विस्कटला. परत आल्यावर त्यानं एकच काटा असलेलं, साधं, मोठं घड्याळ काढलं आणि वर्गणीच्या पद्धतीनं विकलं. ऑर्डर देताना पाव किंमत आधी, बाकीची घड्याळ मिळाल्यावर. गिऱ्हाइकांच्याच पैशातून माल तयार. दोनशे वर्षांनी, १९९९ मध्ये, फ्रांस्वा-पॉल जुर्न या घड्याळकारानं आपल्या पहिल्या मोठ्या घड्याळाचे वीस नग याच पद्धतीनं आधी पैसे घेऊन विकले आणि त्यावर स्वतःची कंपनी उभी केली. आज जुर्न हे या क्षेत्रातलं सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक.

पंचवीस टक्के. राजाच्या घड्याळकारानं मागितले, ताई, तुम्हाला मागायला लाज कसली?

काय उचलायचं नाही

आता एक गोष्ट जी मोटिव्हेशनच्या सेमिनारमध्ये सांगत नाहीत. १९७८ ला धंदा सुरू केला, २००० ला सिम्प्लिसिटी आली. बावीस वर्षं. आणि द्युफूर यांची गोष्ट आपण वाचतो कारण त्यांचं जमलं. त्याच दरीत तेवढ्याच हुशार हाताची किती माणसं क्वार्ट्झच्या लाटेत दुसऱ्या कामाला लागली असतील, त्यांच्यावर व्हिडिओ होत नाहीत. त्यामुळं ‘मी पण वर्षाला सोळाच नग करणार आणि दहापट भाव लावणार’ असं उद्या सकाळी बोर्ड लिहून लावू नका.

आणि ‘लिमिटेड’ या शब्दाशी तर खेळूच नका. मी खेळलोय. २०२१ च्या पाडव्याला मी एका डिझाइनच्या भिंतीवरच्या घड्याळांवर ‘फक्त ५० नग’ असं छापून लावलं. पन्नास संपली, मागणी आली, मी आणखी तीस मागवली. पहिल्या पन्नासातल्या एका काकांनी दुकानात येऊन ती तीस बघितली. काही बोलले नाहीत. नुसतं “बरं बरं” म्हणाले. त्यानंतर ते आलेच नाहीत, आणि त्यांच्या घरातल्या चौघांचे चष्मे आमच्याकडे व्हायचे. द्युफूर यांनीही शंभरची दोनशे केली हे खरं. पण तिथं दोनशेच्या पुढं काम करायला हातच नव्हते, हे प्रत्येक घेणाऱ्याला ठाऊक होतं. माझी मर्यादा छापलेली होती.

टेबलाचं काय झालं

डिस्ट्रिब्युटरला मी तीन महिन्यांची मुदत मागितली. तेवढ्या काळात एक साधी वही केली. दुरुस्तीला आलेलं प्रत्येक घड्याळ, लागलेला वेळ, आणि त्या माणसानं दुकानात दुसरं काही घेतलं का. तीन महिन्यांत ७१ कामं झाली. तीनशे प्रमाणे २१,३०० रुपये. त्या ७१ जणांपैकी १९ जणांनी काही ना काही घेतलं, पट्टा, चष्म्याची फ्रेम, एकानं तर मुलीच्या लग्नात द्यायला सहा घड्याळं. त्याचं मार्जिन १७,८५०. दोन्ही मिळून ३९,१५०, म्हणजे महिन्याला तेरा हजार पन्नास.

तरी पंधरा हजारांपेक्षा कमीच. हे मी लपवत नाही. आकडे जुळवून गोष्ट गोड करायची असती तर करता आली असती.

पण वहीत आणखी एक गोष्ट दिसली. ७१ पैकी एकानंही ‘साडेतीनशे जास्त होतात’ असं म्हटलं नव्हतं. आणि अकरा घड्याळं कोल्हापूर, मिरज, जत, पार निपाणीहून आलेली होती. चावीचं घड्याळ पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून देणारी माणसं आता राहिलीत किती? म्हणून जानेवारीपासून सर्व्हिसिंगचा दर सहाशे केला, निम्मे आधी, आणि पावतीवर तारीख. अण्णा चिडले. “चाळीस वर्षांत कुणाकडून आधी पैसे घेतले नाहीत,” म्हणाले. दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पहिल्या महिन्यात कामं चोवीसवरून अठरावर आली. अठरा गुणिले साडेपाचशे, नऊ हजार नऊशे. बाकीच्या खरेदीचं मार्जिन त्या महिन्यात चार हजार आठशे. बेरीज तुम्हीच करा आणि गॉगलच्या पंधरा हजारांशी ताडून बघा.

डिस्ट्रिब्युटरला मार्चअखेर उत्तर द्यायचंय. एक गोष्ट मात्र मी आताच केली. अण्णांचं वय एकोणसत्तर, हात अजून स्थिर आहे, पण संध्याकाळी डोळे दुखतात. द्युफूर यांच्या मुलीनं वडिलांच्या शेजारी बसून हे काम शिकायला घेतलं, हे वाचल्यापासून डोक्यात होतं. दर मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी सकाळी दोन तास मी अण्णांच्या टेबलाशी बसतो. गेल्या मंगळवारी त्यांनी मला एक बंद पडलेलं एचएमटी जनता दिलं आणि फक्त खोलायला सांगितलं. मी खोललं. एक स्क्रू उडाला तो अजून सापडलेला नाही.

पुढच्या रविवारी व्हिडिओत ती तीन महिन्यांची वही दाखवतो, रकाने कसे पाडलेत ते बघून घ्या. तोपर्यंत तुम्ही एवढंच करा. तुमच्याकडचं कुठलंही एक हाताचं काम घ्या, शिलाई, केक, फ्रेमिंग, काहीही. सात दिवस प्रत्येक नगाला लागलेला वेळ घड्याळ लावून लिहा. अंदाजे लिहू नका. आणि ते आकडे घेऊनच रविवारी बसा.